लांब पल्ल्याचे ट्रकचालक व एचआयव्ही तपासणी
कळंबोलीच्या थांब्यावर आलेला चालक माल उतरेपर्यंतच तेथे असतो. रुग्णालयाच्या रांगेसाठी त्यास सवड कोठली? गुप्तरोगाची जखम मग अंगावर काढली जाते. अशा जखमेतून एचआयव्हीचा शिरकाव अधिक सुलभ होतो. म्हणूनच निरोधबरोबर तपासणीही थांब्यावरच, सायंकाळी उपलब्ध असणे अगत्याचे आहे. शासकीय केंद्रांत ती विनामूल्य होते. औषधेही २००४ पासून टप्प्याटप्प्याने मोफत मिळू लागली. नियमित औषधांनी विषाणू रक्तात आढळेनासा होऊन तसाच राहिल्यास शरीरसंबंधातून पत्नीस लागण होत नाही. तरीही चालक कचरतो, तो नोकरी जाण्याच्या धास्तीने. वस्तुतः नोकरीसाठी सक्तीची तपासणी आणि केवळ लागण झाली म्हणून बडतर्फी, या दोहोंस २०१७ च्या अधिनियमाने मनाई केली आहे. हे चालकाआधी ट्रकमालकास सांगावयास हवे.