बायोगॅस मोजले, चूल कोणी पाहिली?

मार्च उलटला की सिंधुदुर्गातल्या संस्थांच्या कचेऱ्यांत वार्षिक अहवालाची धांदल उडते. फोटो निवडायचे, जमाखर्च जुळवायचा आणि ‘लाभार्थी’ या रकान्यात गेल्या वर्षीपेक्षा मोठा आकडा बसवायचा. सेवाकार्य या जिल्ह्याला नवं नाही. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ साली कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारला आणि सफाईच्या कामात आयुष्य घातलं. पदरमोड करून राबणारी माणसं तेव्हापासून इथे कधी कमी पडली नाहीत. पण त्या राबण्याने नेमकं काय बदललं, हे विचारायला आपल्याला ओशाळं वाटतं. भल्या माणसाच्या कामाला फूटपट्टी लावायची म्हणजे जणू त्याच्यावर अविश्वासच दाखवायचा! या भिडेपोटी काही समजुती पक्क्या होऊन बसल्या आहेत.

“पाचशे घरांत दिलं, म्हणजे पाचशे घरांचं भलं झालं”

पाचशे घरांत दिलं, एवढंच यातून कळतं. बायोगॅसचं उदाहरण घेऊ, कारण जिल्ह्यात हे काम चांगलं रुजलेलं आहे. झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने डॉ. प्रसाद देवधर यांच्या पुढाकाराने ते गावोगावी पोचवलं. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. दोन घनमीटरचं संयंत्र रोज चालवायचं तर पन्नासेक किलो शेण आणि जवळपास तितकंच पाणी हवं. आता इथली गाय, म्हणजे ‘कोकण कपिला’, अंगापिंडाने लहान. तिचं शेणही बेताचंच. त्यात भात कापून झालं की गुरं मोकळी सुटतात. दिवसभराचं शेण मळ्यात आणि रानात पडतं, हाती लागतं ते रात्री गोठ्यात पडलेलं. त्यामुळे दोनच गुरं असलेल्या घरी दोन घनमीटरचं संयंत्र बांधून दिलं, तर उद्घाटनाला ज्योत निळी पेटते आणि शिमग्याच्या आसपास मंदावते. घरची बाई सांगते, “शेगडी आसा, पण शेण खंय आसा?” अहवालात मात्र ते संयंत्र कायमचं चालूच असतं.

संयंत्र चालू असलं म्हणून चूल बंद झाली, असंही नाही. चहा, आमटी, भाजी गॅसवर होते. आंघोळीचं पाणी न्हाणीच्या चुलीवरच तापतं, आणि उकड्या तांदळासाठी भात उकडायचं भलंमोठं भांडं शेगडीवर चढतच नाही. ‘इतके टन लाकूड वाचलं’ हा आकडा बहुतेक वेळा टेबलावर बसूनच काढलेला असतो: एका घराला वर्षाला लागणारं लाकूड गुणिले संयंत्रांची संख्या. गुणाकार बरोबर असतो. न्हाणीची चूल त्यात धरलेलीच नसते.

म्हणून तपासायला जाणाऱ्याने आधी टाकीकडे जाऊ नये, स्वयंपाकघरात जावं. टोपांच्या बुडाची काजळी ताजी आहे की घासूनही न गेलेली जुनी, हे बघावं. शेगडीच्या बर्नरला गंज चढलाय का, पडवीत पावसाळ्याची बेगमी म्हणून किती फाटी रचली आहेत, हेही डोळ्यांनी दिसतं. मग मागच्या अंगणात जाऊन स्लरीच्या खड्ड्यात काठी घालावी. पातळ, ओली स्लरी लागली तर संयंत्रात रोज शेण पडतंय. तडे गेलेला कोरडा थर लागला तर पुढचं विचारायची गरज नाही. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात आणि खर्च शून्य.

यात वेळेचाही प्रश्न आहे. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी ओडिशात एका स्वयंसेवी संस्थेने बसवलेल्या सुधारित चुलींचा चार वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झालेला दिसला. पुढे तो फरक पुसला गेला. फुप्फुसांच्या आरोग्यात सुधारणा नाही, सरपणाची बचत नाही. प्रयोगशाळेत याच चुली उत्तम ठरल्या होत्या. घराघरांत त्या नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि मोडल्या की दुरुस्त झाल्या नाहीत. पहिल्या वर्षाअखेर मोजमाप थांबवलं असतं, तर त्याच चुलींची यशोगाथा छापून आली असती.

“आधी असं होतं, आता असं आहे, हा आमच्या कामाचा परिणाम”

हा गैरसमज सगळ्यात चिवट, कारण तो प्रामाणिक माणसांचाच असतो. त्यांनी बदल डोळ्यांनी पाहिलेला असतो.

समजा, एखाद्या गावात २०१५ साली बायोगॅसचं काम सुरू झालं आणि २०१९ साली लाकूडतोड निम्म्यावर आलेली दिसली. श्रेय कोणाचं? मधल्या काळात, १ मे २०१६ रोजी, उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ज्या घरांत कधी सिलिंडर नव्हता तिथे तो आला. मुंबईला नोकरीसाठी गेलेली मुलं घरी पैसे पाठवतात, त्यातूनही सिलिंडर येतो. कित्येक घरांत आता म्हातारा-म्हातारीच उरली आहेत. दोघांच्या जेवणाला लाकूड लागतं किती? संस्थेचं काम शून्य असतं तरी यातला काही बदल झालाच असता. साक्षरतेचंही तसंच. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर होती. अशा जिल्ह्यात अभ्यासवर्ग चालवणाऱ्याला निकाल चांगलाच दिसणार.

उलटही घडतं. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याला झोडपून काढलं. बागा आडव्या झाल्या, होड्या फुटल्या. त्या वर्षी मच्छीमार बायकांच्या बचतगटाचं उत्पन्न घटलं असेल, तर त्यावरून कार्यक्रम फसला म्हणणं अन्यायाचं. कदाचित गट नसता तर त्या सावकाराच्या दारात गेल्या असत्या.

तेव्हा प्रश्न ‘आधी काय होतं’ एवढाच नाही. आपण गेलोच नसतो तर आज काय असतं, हा खरा प्रश्न आहे. त्याचं सगळ्यात नेटकं उत्तर महाराष्ट्रातच, गडचिरोलीत शोधलं गेलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला, जंतुदोष ओळखायला आणि त्यावर इंजेक्शन द्यायला शिकवलं. शेजारच्या ४७ गावांत नेहमीच्या सरकारी सेवा तेवढ्या चालू राहिल्या, आणि जन्ममृत्यूच्या नोंदी तिथेही ठेवल्या गेल्या. १९९३ ते १९९५ या काळात आधारभूत आकडे गोळा केले, मग काम सुरू केलं. कामाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होते. तिसऱ्या वर्षी ते २५.५ वर आले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ही घट सुमारे ६२ टक्क्यांची भरली. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. पुढे देशभरातल्या ‘आशा’ सेविकांच्या कामात गृहआधारित नवजात काळजी समाविष्ट झाली.

ती ४७ गावं नसती तर? रस्ते सुधारले, अंगणवाडी आली, म्हणून मृत्यू घटले असं कोणीही म्हणू शकलं असतं, आणि त्याला उत्तर देता आलं नसतं.

“तुलनेचा गट नसेल तर ते मूल्यमापनच नव्हे”

गडचिरोलीचं ऐकून काही जण या दुसऱ्या टोकाला जातात. किनाऱ्यावर तर हे टोक टिकतच नाही.

गेल्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने, राज्याच्या कांदळवन कक्षामार्फत सिंधुदुर्ग किनाऱ्यावर सागरी जैवविविधतेचा मोठा प्रकल्प झाला. त्यात ट्रॉलरवाल्यांना ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाची जाळी वापरायला प्रवृत्त केलं गेलं. नेहमीच्या जाळ्याचे आस शंकरपाळ्यासारखे असतात. ओढ बसली की ते मिटतात आणि बारीक मासळी आत अडकते. चौकोनी आस ओढीतही उघडे राहतात, पिल्लं निसटतात. युक्ती पटण्यासारखी आहे, पण तिचा फायदा मोजायचा कसा? मालवणच्या ट्रॉलरने सोडलेलं पिल्लू उद्या देवगडच्या जाळ्यात येईल, नाहीतर शेजारच्या रापणीत. ज्यांनी जाळं बदललं नाही त्यांनाही लाभ. समुद्राला गावाची हद्द नसते, त्यामुळे इकडची गावं आणि तिकडची गावं अशी फाळणी करता येत नाही. इथे एकाच पाण्यात दोन्ही जाळी ओढून आत काय राहिलं आणि बाहेर काय गेलं ते तोलायचं, आणि जाळं फुकट मिळालेल्यांपैकी दोन वर्षांनी कितीजण ते वापरतात हे धक्क्यावर उभं राहून बघायचं.

कासवांचं गणित याहून अवघड. ऑलिव्ह रिडले मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. २००२ पासून रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने घरटी राखायला सुरुवात केली. सिंधुदुर्गात वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर हे काम उभं राहिलं. कासवमित्र पहाटे माग काढतात, अंडी कुंपणात नेऊन पुरतात, पिल्लं सोडताना मोजतात. दरवर्षी बातमी येते: घरटी वाढली. वाढली असतीलही. पण पाहणारे डोळे वाढले की सापडणारी घरटीही वाढतात. पूर्वी जी अंडी कोल्ह्या-कुत्र्यांनी खाल्ली त्यांची नोंद कोणी ठेवली होती? शिवाय कासव प्रौढ व्हायला दशकभराहून अधिक काळ लागतो, आणि वाळूचं तापमान जास्त असलं तर पिल्लं बहुतेक माद्याच निपजतात. नुसती संख्या यातलं काही सांगत नाही. भरीला, ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली! म्हणजे आपल्या वाळूत येणारी कासवं ‘आपल्या’च कुंपणातून गेलेली, असंही गृहीत धरता येत नाही.

तरीही मी या कामाच्या बाजूने कौल देईन. अंडी उकरून नेली जात होती हे किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना चांगलं ठाऊक आहे. काम नसतं तर काय झालं असतं, याचं उत्तर इथे तरी फारसं वादाचं नाही. कुंपणातल्या शंभर अंड्यांतून किती पिल्लं समुद्रापर्यंत गेली, एवढं संस्थेने चोख सांगावं. कासवांची संख्या वाढवल्याचा दावा करू नये.

“शंभरातले पंचाण्णव रुपये थेट गरिबाला, तीच संस्था खरी”

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या नियमांत प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चावर आहे, आणि एखाद्या प्रकल्पाच्या देखरेखीचा व मूल्यमापनाचा खर्च त्यात धरतच नाहीत. तरी देणगीदार तोच पाचाचा आकडा संस्थेच्या तोंडावर फेकतात. परदेशी देणगीतून प्रशासनावर खर्च करायची मर्यादा तर २०२० च्या दुरुस्तीने ५० वरून २० टक्क्यांवर आली. परिणाम काय? संयंत्र बांधायला पैसे मिळतात. दोन वर्षांनी फेरी मारून झडप बदलणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार ‘प्रशासकीय’ ठरतो, म्हणून त्याचं पद भरलं जात नाही. ओडिशातल्या चुलींना नेमका हाच माणूस हवा होता.

ऑडिट स्वच्छ आहे, हेही असंच पुढे केलं जाणारं उत्तर. धर्मादाय आयुक्तांकडे जाणारा लेखापरीक्षण अहवाल पैसे जिथे दाखवले तिथेच गेले का, हे सांगतो. चूल विझली का, ते त्याला विचारू नये.

“मूल्यमापन म्हणजे चौकशी, आणि ती मोठ्यांनाच परवडते”

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. प्रत्येक पाहुण्याला तिथेच नेलं जातं, आणि त्या बायकांची मेहनत खरोखर कौतुकाची आहे. पण त्या धर्तीवर सुरू झालेले बाकीचे गट आज कुठे आहेत, हे विचारलं की चहा येतो. न चाललेला गट दाखवायची संस्थांना भीती वाटते, कारण पुढचा निधी जाईल. ती भीती निराधार नाही; देणगीदारांनी ती कमावून दिलेली आहे.

कायद्याचा धाक इथवर पोचत नाही. परिणाम तपासणं २०२१ पासून सक्तीचं झालं, ते सामाजिक दायित्वापोटी वर्षाला सरासरी दहा कोटी किंवा अधिक द्यावे लागणाऱ्या कंपन्यांना, आणि तेही एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांपुरतं. कुडाळ-मालवणातले पाच-दहा लाखांचे कार्यक्रम त्यात येतच नाहीत. ते संस्थेलाच करावं लागेल, आणि त्याला सल्लागार कंपनी नको. लाभार्थ्यांची पूर्ण यादी घ्यावी, चिठ्ठ्या टाकून पंधरा-वीस घरं निवडावी. रस्त्याकडेची, ओळखीची घरं आपल्या हाताने निवडू नयेत. ज्याने संयंत्र बसवलं त्याला पाठवू नये, शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेच्या कार्यकर्त्याला बोलवावं आणि त्यांची घरं आपण पाहावीत. एक फेरी श्रावणात, गुरं गोठ्यात असताना. दुसरी वैशाखात, विहिरी तळाला गेल्यावर. श्रावणातला आकडा एकटाच छापू नये.