जिभेखालचा पडदा : घाई नको, विवेक हवा

‘बाळ अंगावर नीट पीत नाही’ ही तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते. त्यावर ‘आईला दूधच नाही’ असा निर्णय देऊन बाटली पुढे केली जाते. वास्तविक पुष्कळदा दूध असते. ते ओढण्यात बाळाला अडचण येत असते. या अडचणीच्या अनेक कारणांपैकी एक म्हणजे जिभेखालचा आखूड पडदा. वैद्यकीय भाषेत त्याला ‘अँकिलोग्लॉसिया’ आणि व्यवहारात ‘टंग-टाय’ म्हणतात.

जिभेचा तळ आणि तोंडाची खालची बाजू यांना जोडणारी एक पातळ घडी प्रत्येकाच्या तोंडात असते. ती फार आखूड, जाड किंवा जिभेच्या टोकापर्यंत आलेली असेल तर जीभ पुरेशी पुढे वा वर जात नाही. बाळाला स्तनाची पकड टिकवता येत नाही. पिताना चटचट आवाज येतो, बाळ लवकर थकते, आणि आईच्या स्तनाग्रांना चिरा पडून प्रत्येक पाजणे ही शिक्षा ठरते. अशा आईला धीराचा उपदेश नव्हे, मदत हवी असते.

तथापि घडी दिसली म्हणजे ती कापलीच पाहिजे, असे नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, असा पडदा असलेल्या बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांनाच स्तनपानात अडचण येते. म्हणून पडदा कसा दिसतो यापेक्षा बाळ कसे पिते, हे पाहणे महत्त्वाचे. प्रथम पाजण्याची पद्धत आणि बाळाला धरण्याची स्थिती जाणकार परिचारिकेकडून किंवा स्तनपान सल्लागाराकडून तपासून घ्यावी. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला किमान सहा वेळा लघवी करत असेल आणि सुमारे दोन आठवड्यांत जन्मवेळच्या वजनावर परत आले असेल, तर त्याला बहुधा पुरेसे दूध मिळत आहे, असे समजावे.

एवढे करूनही त्रास थांबला नाही, तर ‘फ्रेनोटॉमी’ ही छोटी शस्त्रक्रिया केली जाते. तान्ह्या बाळात ती काही क्षणांचीच असते. कात्रीने घडी मोकळी करतात, रक्ताचे काही थेंब येतात आणि बाळाला लगेच अंगावर घेता येते. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात पाच चाचण्यांतील 302 बाळांचा विचार झाला. आईची वेदना काही काळ कमी झाल्याचे त्यात दिसले. परंतु बाळाच्या पिण्यात सुधारणा झाल्याचे सातत्याने आढळले नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि लाळग्रंथींच्या नलिकांना इजा हे धोके क्वचित असले, तरी ते आहेत. कुटुंबात कोणाला रक्त न थांबण्याचा विकार असेल, तर तो आधी सांगावा. जन्मतः ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले होते का, हेही विचारून घ्यावे.

वरच्या ओठाखालचा पडदा, म्हणजे ‘लिप-टाय’, हा तर तान्ह्या बाळांत सर्रास आढळणारा नैसर्गिक भाग आहे. दूध पाजण्यासाठी तो कापल्याने लाभ होतो, असा भक्कम पुरावा नाही. ‘पुढे बोबडा बोलेल’ या भीतीपोटी लहानपणीच जीभ मोकळी करून घेण्यालाही तसा आधार नाही. लेझर वापरले म्हणून शस्त्रक्रिया अधिक गुणकारी होते, असेही सिद्ध झालेले नाही.

बाळ नीट पीत नाही म्हणून साखरपाणी, गूळपाणी वा घुटी देऊ नये. मध तर आपल्याकडे वर्ज्यच. वैद्यकशास्त्रही एक वर्षाखालील बाळाला तो देऊ नये, असे सांगते.

व्यापारात माल पारखल्याशिवाय सौदा होत नाही. बाळाच्या जिभेबाबतही तीच पारख हवी. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास ‘नेमका कोणता त्रास दूर होईल? न केल्यास काय होईल? आधी दुसरा उपाय आहे का?’ हे तीन प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावेत. अनावश्यक इजा टाळणे हा आपला धर्म आहे. आणि आईची वेदना दुर्लक्षून तिलाच दोष न देणे, हाही त्याच धर्माचा भाग आहे.