देवटेकची शिळा आणि राजदंड

नागपुरांत सदरलगतच्या सिव्हिल लाइन्समध्यें मध्यवर्ती संग्रहालय आहे. इ. स. १८६३ मध्यें स्थापन झालेल्या या संस्थेस गांवचे लोक अजब बंगला म्हणतात. मुलांचा ओढा तेथील पेंढा भरलेल्या पशुपक्ष्यांकडे. वडीलधारी मंडळीही त्यांच्यामागोमाग पुढें निघून जाते. तेव्हां अक्षरें झिजलेल्या एका शिळेपाशीं कोणी थांबत नाहीं यांत नवल तें काय? परंतु विदर्भांत राजाज्ञा आणि शिक्षा यांचे जे अत्यंत प्राचीन लेखी पुरावे आहेत, त्यांपैकीं एक या शिळेवर कोरलेला आहे.

ही शिळा नागपूरच्या आग्नेयेस सुमारें ५० मैलांवर, चांदा म्हणजे आतांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देवटेक या खेड्यांतली. जनरल कनिंगहॅम यांनीं १८७७ सालच्या आपल्या लेखसंग्रहांत तिचा समावेश केला. पुढें १९३५ मध्यें प्रा. वा. वि. मिराशी यांनीं तिच्यावर नवा प्रकाश टाकला. लिपि अशोककालीन ब्राह्मी, भाषा प्राकृत. एक 'सामी', म्हणजे स्वामी, चिकंबरी गांवास आज्ञा करतो कीं, प्राण्यांस धरूं नये, मारूं नये. आज्ञा मोडणारास दंड होईल. वर्ष १४ वें. राजाचें नांव मात्र नाहीं. अशोकानें राज्याभिषेकास तेरा वर्षें झाल्यावर धर्ममहामात्र नांवाचे अधिकारी नेमले होते. त्यांपैकींच कोणाची तरी ही आज्ञा, असें मिराशींचें अनुमान. चिकंबरी म्हणजे जवळचेंच चिकमारा.

रानांतल्या फांसेपारध्याशीं साम्राज्याचें काय काम? याचें उत्तर कौटिलीय अर्थशास्त्रांत सांपडतें. हा ग्रंथ शामशास्त्री यांनीं १९०९ मध्यें म्हैसुरास छापला. त्याचें सांप्रतचें स्वरूप अशोकानंतरचें, असें पुष्कळ विद्वान मानतात. तरी राज्यकारभाराची रीत त्यांत दिसते. अभय दिलेल्या पशु, पक्षी व मत्स्यांस बांधणारास वा मारणारास सर्वांत जबर दंड. वासरूं, बैल किंवा दुभती गाय मारल्यास ५० पण. हत्तीची गोष्ट निराळी. राजाचा जय मुख्यत्वें हत्तींवर अवलंबून. म्हणून हत्ती मारणारास थेट देहान्त, आणि आपोआप मेलेल्या हत्तीचे दांत आणून देणारास सव्वाचार पण बक्षीस! येथें दयेचा प्रश्न नाहीं. राज्याच्या संरक्षणाचा आहे.

अशोकाचा हेतु निराळा होता, हें खरें. परंतु त्यानेंही दंड खालीं ठेवला नाहीं. देहान्ताची शिक्षा त्यानें रद्द केली नाहीं. शिक्षा झालेल्यांस तीन दिवसांची मुदत तेवढी दिली. कलिंगाच्या पश्चात्तापाची वाणी ज्या तेराव्या शिलालेखांत आहे, त्यांतच अरण्यवासी लोकांस बजावलें आहे कीं, पश्चात्तापांतही राजाच्या अंगीं सामर्थ्य आहे. शाळेच्या पुस्तकांतून हें वाक्य बहुधा गळतें. चिकंबरीच्या पारध्यास तर जाळें हेंच पोटाचें साधन असणार. दयेचा कायदा त्याच्या दारीं आला तो शिक्षेच्या भयासह, आणि त्याची बाजू कोणीं दगडावर कोरली नाहीं.

पुढें चौथ्या शतकांत वाकाटक राजा पहिला रुद्रसेन यानें चिकंबरी येथें आपलें धर्मस्थान उभारलें, आणि त्याची नोंद कोरण्यास हीच शिळा घेतली. आज दोन्ही लेख एकाच दगडावर आहेत.