डोळ्यांतील इंजेक्शने : चार वर्षांनंतर
“आणखी किती इंजेक्शने?” दृष्टिपटलाची नीला तुंबलेल्या रुग्णाचा हा प्रश्न रास्तच आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘रिटेन’ अभ्यासात रॅनिबिझुमॅब घेणाऱ्यांचा सुमारे चार वर्षे मागोवा घेतला गेला. नीलेची शाखा तुंबलेल्यांपैकी निम्म्यांची, तर मुख्य नीला तुंबलेल्यांपैकी 44 टक्क्यांची सूज ओसरली. उरलेल्यांपैकी मुख्य नीलेच्या रुग्णांना चौथ्या वर्षीही सरासरी सहाच्या आसपास इंजेक्शने लागली. कारण हे औषध नीला मोकळी करीत नाही, केवळ गळती रोखते. प्रभाव सरला की सूज परतू शकते. म्हणूनच ‘आता नीट दिसते’ म्हणून तपासणी टाळणे घातक. पुढची तारीख घरच्यांनीच लक्षात ठेवावी, रक्तदाबाची गोळीही. इंजेक्शननंतर वेदना वाढल्या वा दृष्टी अंधुक झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.