जुनी मोटार खोलण्यापूर्वी

अहमदपूर तालुक्यात, बालाघाटाच्या या पठारावर, विहिरीवरची मोटार वर्षभर चालत नाही. पावसाळ्यात तिचे काम नसते, उन्हाळ्यात विहिरीत पाणी नसते. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या २०१६ सारख्या वर्षी तर ती महिनोन्‌महिने पडून राहते. मग रब्बीत हरभऱ्याला पाण्याची पाळी आली की बटण दाबायचे, मोटार घुरघुरते आणि जळते. "बंदच तर होती, खराब कशाने झाली?" असे सगळे विचारतात.

पडून राहण्यानेच ती खराब होते. चालती मोटार आपल्या उष्णतेने कोरडी राहते. बंद मोटारीत दमट हवा शिरते, रात्रीच्या गारठ्याने आत ओल सुटते, बेअरिंगमधले ग्रीस घट्ट होते, टर्मिनल बॉक्समध्ये मुंग्या घर करतात. अशी मोटार भंगारात घालण्याइतकी जुनी झालेली नसते. ती खोलून, साफ करून, वाळवून घ्यायची असते. आपल्याकडे हे काम घाईने आणि ऐकीव माहितीवर होते, आणि त्यात धडधाकट मोटारीही मरतात.

सगळ्यांत घातक समज असा : "लाइट गेलीय, तोवर खोलून घेऊ." स्टार्टरला ऑटो बसवलेला असेल तर लाइट येताच मोटार आपोआप सुरू होते. तेव्हा आधी मेन स्विच पाडा, फ्यूजचे किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवा. कपॅसिटर असेल तर लाइट बंद झाल्यावरही त्यात चार्ज राहतो; तो उतरवल्याशिवाय वायरीला हात लावू नका.

"झाकण दोन ठोक्यांत निघते," असे म्हणून थेट शाफ्टवर हातोडी मारणारेही पुष्कळ. तो मार बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो, कड्यांवर बारीक खड्डे पडतात आणि पुढे मोटार आवाज करू लागते. बेअरिंग पुलरने काढावे, आणि ओढ आतल्या कड्यावर घ्यावी. दोन्ही बाजूंचे कव्हर आणि बॉडी यांवर छिन्नीने जुळणाऱ्या खुणा करून ठेवल्या की बसवताना कव्हर फिरत नाही. वायरींची जोडणी सोडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा.

खरी गफलत वाइंडिंग साफ करताना होते. "पेट्रोलने धुतले की चकाचक" हे मी फार ठिकाणी ऐकले आहे. पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेटते. शिवाय जुन्या मोटारींत तारांवर आणि कागदी इन्सुलेशनवर चढवलेले व्हार्निश अशा द्रावणांनी मऊ पडू शकते. म्हणजे कचऱ्याबरोबर तारेचे संरक्षणही जाते. आधी मऊ ब्रशने आणि कमी दाबाच्या हवेने धूळ काढावी. जोराची हवा धूळ आणखी आत ठासते.

याच्या उलट समज म्हणजे "वाइंडिंगला पाणी लागले की संपली." पुरात बुडालेल्या मोटारी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा वापरात आणतात. अट एकच, घाई नको. गावात भट्टी नसते, पण रोटर काढलेल्या स्टेटरमध्ये जुना पिवळा बल्ब, तारांना न टेकवता, टांगून वरून पोते टाकले तरी सावकाश ऊब मिळते. त्याजवळ माणूस मात्र हवा.

वाळले की नाही, हे हाताने कळत नाही आणि साध्या मल्टीमीटरनेही नाही, कारण तो जेमतेम काही व्होल्टवर मोजतो. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर हवा; रिवाइंडिंगच्या दुकानात तो असतो. वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातले रीडिंग, अशा छोट्या मोटारीत, ५ मेगाओमच्या वर असावे. गरम होताना ते आधी खाली येते, ओल निघाली की वर चढते. पहिले रीडिंग पाहून "अर्थ झाली, भरायला टाका" (म्हणजे रिवाइंडिंगला द्या) असा निकाल देणे हा मोटारीवर अन्याय आहे.

रोटर गंजला तर लेथवर घासून घेऊ नका. रोटर आणि स्टेटर यांच्यामधली फट अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. ती वाढली की मोटार जास्त करंट ओढते. बारीक पॉलिश पेपर पुरे. ग्रीसही ठासून भरायचे नसते, साधारण अर्धी जागा मोकळी ठेवावी, नाहीतर बेअरिंग तापते. दोन्ही बाजूंनी सील असलेल्या बेअरिंगमध्ये तर वरून ग्रीस घालायचेच नसते. आणि बॉडीवर रंगाचे थर चढवले की मोटार नवी होते, हे डोळ्यांचे समाधान आहे. उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांमधला चिखल खरवडणे त्याहून मोलाचे.

तारा काळ्या पडून ठिसूळ झाल्या असतील तर मात्र मोटार भरावीच लागते. तेव्हा जुनी वाइंडिंग उघड्या जाळावर जाळू देऊ नका. अतितापाने स्टेटरच्या पत्र्यांमधले इन्सुलेशन जाते आणि ती मोटार पुढे कायम जास्त तापते, जास्त वीज खाते. तारेचा गेज आणि वेढे मूळचेच ठेवायला सांगा, जुन्या तारेचा तुकडा जपून ठेवा, आणि नेमप्लेटवरचे एचपी, व्होल्ट, अँपिअर, आरपीएम दुकानात देण्याआधी वहीत उतरवून घ्या.