कोळशाच्या किमतीत न धरलेला खर्च

कळवण तालुक्यातील विहिरीवर विद्युतपंप सुरू होतो, तेव्हा कांद्याच्या वाफ्याला पाणी मिळते. राज्यातील विजेचा मोठा भाग कोळशापासून निर्माण होतो; नाशिकजवळच्या एकलहरे येथील केंद्रही कोळशावरच चालते. कोळशाच्या दरात खोदाई, वाहतूक व स्वामित्वधन यांचा हिशेब असतो. खाणकामगाराच्या फुप्फुसांची झीज मात्र त्यात कोठेही धरलेली नसते.

चंद्रपूर, वणी, उमरेड, सावनेर या पट्ट्यातील खाणींत धूळ नित्याचीच. परंतु डोळ्यांना दिसणारी जाड धूळ बहुतांशी नाकाघशातच अडते. खरा धोका आहे तो सुमारे पाच मायक्रॉनहून सूक्ष्म अशा अदृश्य कणांचा. ते फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचून तेथेच रुततात व भोवतालचा भाग हळूहळू निबर होत जातो. कोळशाबरोबर खडकही फोडला गेला, तर त्यातील सिलिका हा अपाय वाढविते. एकदा निकामी झालेले फुप्फुस कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाही. म्हणून प्रतिबंध हाच उपाय होय.

कायद्यांची उणीव नाही. २०१७ च्या कोळसा खाण विनियमांनुसार श्वसनयोग्य धुळीची मर्यादा दर घनमीटर हवेत दोन मिलिग्रॅम आहे. सिलिका अधिक असल्यास ती आणखी कडक होते. पण केवळ कायद्याने भागत नाही. अमेरिकेत १९६९ च्या कायद्यानंतर हा रोग बराच घटला. पुढे ॲपलाचियाच्या खाणींत पातळ थरांसाठी खडक कापला जाऊ लागला आणि तो पुन्हा बळावला.

या प्रश्नाचे मर्म काळात आहे. कोळसा आज विकला जातो. रोग बहुधा दहा-वीस वर्षांनी प्रकटतो. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो, अथवा कंत्राटी असल्यास कोठे गेला याचा पत्ताही नसतो. वैद्यकीय तपासणी नोकरीशी बांधलेली. रोग मात्र नोकरी संपल्यावरही सोबत येतो. अशा वेळी खर्चाचा भार खाणीच्या खात्यावरून कामगाराच्या कुटुंबावर सरकतो.

१९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण करताना कामगारांची दुःस्थिती हे एक प्रमुख कारण सांगितले गेले होते. त्या वचनाची पूर्तता व्हावयाची असेल, तर पाण्याचे फवारे, पुरेसे वायुवीजन व धुळीचे प्रामाणिक मोजमाप यांबरोबरच प्रत्येक कामगाराची, कंत्राटी असला तरी, आजन्म मोफत तपासणी झाली पाहिजे. त्यासाठी कोळसा थोडा महाग झाला, तर ती दरवाढ नव्हे. आजवर दुसऱ्याने मुकाट्याने भरलेले ते आपलेच देणे होय.