तापलेली सळई, सावरलेला हात

दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारक बँकेच्या शाखांमध्ये येतात. त्यांत माजी सैनिक चटकन ओळखू येतात. रांगेत ताठ उभे राहणे, कागदपत्रे एकावर एक नीट लावलेली असणे, कर्मचाऱ्याने नाव पुकारताच मिळणारे खणखणीत उत्तर. मात्र दाखल्यावर सही करताना एखाद्याचा हात थरथरतो, तेव्हा त्या थरथरीमागे काय दडले आहे, हे कोणत्याही रकान्यात नोंदविले जात नाही. अमेरिकेतील एका सैनिकाची कहाणी अशाच एका हातापासून सुरू होते. त्या सैनिकाचे नाव होरेस पिपिन. त्यांना दरमहा 22.50 डॉलर इतके अपंगत्व निवृत्तिवेतन मिळत असे.

पिपिन यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1888 रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील वेस्ट चेस्टर या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. बालपण न्यूयॉर्क राज्यातील गोशेन येथे गेले. चित्रांचा नाद लहानपणापासूनच होता. एका जाहिरातीच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून त्यांनी रंगखडूंची पेटीही मिळविली होती. परंतु घरच्या परिस्थितीमुळे शाळा लवकर सुटली. हॉटेलातील हमाल, कोळशाच्या वखारीतील मजूर, लोखंडाच्या ओतशाळेतील कामगार अशी मिळतील ती कामे करीत त्यांनी तारुण्य घालविले. चित्रकलेसाठी ना सवड होती, ना साहित्य.

1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि पिपिन न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय पलटणीत भरती झाले. पुढे ही पलटण 369वी पायदळ रेजिमेंट म्हणून ओळखली गेली. गोऱ्या अमेरिकी सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून या जवानांनी लढावे, हे त्या काळच्या अमेरिकी लष्कराला मान्य नव्हते. म्हणून ही रेजिमेंट फ्रेंच सैन्याच्या हाताखाली देण्यात आली. तिने आघाडीवर 191 दिवस काढले आणि फ्रान्सने तिला 'क्रॉ द गेर' हा युद्धसन्मान दिला. आपल्याच देशाने दूर लोटलेल्या पलटणीचा गौरव परक्या देशाने करावा, यातील विसंगती वेगळी सांगावयास नको.

1918 च्या शरद ऋतूत, युद्ध संपण्यास काही आठवडे उरले असताना, लपून नेम धरणाऱ्या एका जर्मन सैनिकाची गोळी पिपिन यांच्या उजव्या खांद्यात शिरली. तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात ते पडून राहिले. एक फ्रेंच सैनिक त्यांना पाहून काठाशी आला आणि बोलण्यापूर्वीच डोक्यात गोळी लागून त्यांच्याच अंगावर कोसळला. पिपिन यांच्यात ते कलेवर बाजूला सारण्याचेही बळ नव्हते. त्या मृत सैनिकाजवळील पाणी आणि पाव यांवर त्यांनी तग धरला. हा प्रसंग त्यांनी पुढे आपल्या वहीत लिहून ठेवला. शुद्धलेखनाची पर्वा न करता, बोलल्यासारखे लिहिलेले हे मजकूर आज अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेच्या कला-अभिलेखागारात जतन केलेले आहेत. शब्दांच्या मधे रंगीत पेन्सिलीने काढलेली मोजकी रेखाटनेही आहेत.

खांद्यात पोलादी पट्टी बसवून 1919 मध्ये त्यांना सैन्यातून मुक्त करण्यात आले. उजवा हात खांद्याच्या वर उचलता येत नसे. 1920 मध्ये त्यांनी जेनी नावाच्या विधवेशी विवाह केला आणि हे दांपत्य वेस्ट चेस्टरला स्थायिक झाले. जेनी घरी लोकांचे कपडे धुऊन देत; पिपिन ते घरोघर पोहोचवीत. धुलाईचे उत्पन्न आणि निवृत्तिवेतन यांवर संसार चालत होता. गावातील कृष्णवर्णीय माजी सैनिकांच्या संघटनेतही ते पुढाकार घेत. वरवर पाहता सारे सुरळीत होते. आत मात्र खंदक तसेच होते.

अशा आघाताला त्या काळी 'शेल शॉक' म्हणत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी 1915 मध्ये हा शब्द वैद्यकीय लेखनात आणला. आघातोत्तर तणावविकार हे आजचे नाव अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत दाखल होण्यास 1980 साल उजाडावे लागले. कलेने रोग्यास उभारी येते या अनुभवाला 'आर्ट थेरपी' हे नाव एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने 1942 मध्ये दिले. तोही पहिल्या महायुद्धातील सैनिकच. पिपिन यांच्यापाशी यांपैकी कोणताही शब्द नव्हता. त्यांच्यापाशी शेगडी होती.

1925 च्या सुमारास त्यांनी सिगारच्या लाकडी पेट्यांवर नक्षी काढण्यास प्रारंभ केला. मग एके दिवशी शेगडीतील निखारे ढोसण्याची लोखंडी सळई तापवून ती लाकडावर टेकविली. सळई उजव्या हातात धरून हात गुडघ्यावर टेकवायचा आणि डाव्या हाताने फळीच सळईखालून सरकवायची, अशी युक्ती त्यांनी शोधली. म्हणजे लेखणी स्थिर आणि कागद हलता! जळलेल्या रेघांतून चित्र उमटू लागले. बर्फात वाट चुकलेली छपराची गाडी हे 1930 मधील चित्र त्यांच्या आरंभीच्या दाहचित्रांपैकी एक. हाताला हळूहळू बळ येऊ लागले, तसे ते तैलरंगांकडे वळले. उजव्या हातात कुंचला आणि त्या मनगटाला डाव्या हाताचा आधार, अशीच पद्धत त्यांनी पुढेही ठेवली.

'युद्धाचा अंत : घराकडे प्रस्थान' हे त्यांचे पहिले मोठे तैलचित्र पूर्ण होण्यास सुमारे तीन वर्षे लागली. रंगाचे थर इतके चढले, की जागोजागी पृष्ठभाग उठावाच्या शिल्पासारखा झाला. काळवंडलेली झाडे, काटेरी तारा, हात वर करून बाहेर येणारे जर्मन सैनिक, आकाशातून पेटून कोसळणारे विमान. चौकटीवरही त्यांनी हातगोळे, शिरस्त्राणे, बंदुका, रणगाडे कोरून बसविले. शीर्षकात घर आहे. चित्रात मात्र ते कोठेच दिसत नाही. तीन वर्षे एकाच दृश्यापुढे बसणे, थरावर थर देत राहणे यालाच कदाचित त्यांचा उपचार म्हणावे लागेल. युद्धाने आपल्याला दुबळा हात दिला आणि आपल्यातील कलाही त्यानेच बाहेर काढली, अशा आशयाचे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. हे चित्र आज फिलाडेल्फिया कलासंग्रहालयात आहे.

प्रसिद्धी आली ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर. 1937 मध्ये गावच्या कलासंस्थेच्या प्रदर्शनात त्यांचे काम विख्यात चित्रकार एन. सी. वायेथ आणि समीक्षक ख्रिश्चन ब्रिंटन यांच्यासमोर आले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांची चार चित्रे प्रदर्शित केली. 1940 मध्ये फिलाडेल्फियातील रॉबर्ट कार्लेन यांच्या दालनात स्वतंत्र प्रदर्शन भरले आणि संग्राहक चित्रे विकत घेऊ लागले. कपडे पोहोचविणाऱ्या या गृहस्थाच्या घरी ग्राहक येऊ लागले, हा बदल शेजाऱ्यांना नवलाचा वाटला असल्यास आश्चर्य नाही.

मात्र कीर्तीने विषय सौम्य झाले नाहीत. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउन यांना 1859 मध्ये फाशी दिली गेली, त्या प्रसंगाचे चित्र त्यांनी 1942 मध्ये काढले. त्यांच्या आजीने तो प्रसंग प्रत्यक्ष पाहिल्याचे घरात सांगितले जाई. चित्राच्या कोपऱ्यात एक कृष्णवर्णीय स्त्री गर्दीकडे पाठ करून थेट आपल्याकडे पाहते. 1943 च्या 'मिस्टर प्रेज्युडिस'मध्ये विजयाच्या इंग्रजी 'व्ही' अक्षरावर एक जण पाचर ठोकत आहे आणि खाली गोरे व काळे सैनिक वेगवेगळे उभे आहेत. दुसऱ्या महायुद्धातही पलटणी वेगळ्याच होत्या. पंचवीस वर्षांपूर्वीच्या खड्ड्यातील माणसाला हे कसे वाटले असेल, ते त्या पाचरेवरून कळते. दुसरीकडे चुलीपाशी बसलेली माणसे आणि मेजावर डॉमिनो खेळणारे कुटुंब अशी शांत घरगुती दृश्येही याच वर्षांत ते रंगवीत होते.

1944 मध्ये पत्नी जेनी यांना मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. जखमी सैनिकांना दिले जाणारे 'पर्पल हार्ट' हे पदक पिपिन यांना 1945 मध्ये, म्हणजे गोळी लागल्यावर तब्बल सत्तावीस वर्षांनी मिळाले. याच काळात ते 'पवित्र पर्वत' ही मालिका रंगवीत होते. बायबलमधील यशयाच्या भविष्यवाणीनुसार सिंह, लांडगा, कोकरू एकत्र नांदत आहेत, मुले निर्भयपणे खेळत आहेत आणि मध्ये पांढऱ्या वस्त्रांतील मेंढपाळ उभा आहे. चित्रांवर त्यांनी तारखा घातल्या. पहिल्यावर 6 जून 1944, म्हणजे दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरले तो दिवस. दुसऱ्यावर 7 डिसेंबर 1944, पर्ल हार्बरवरील हल्ल्याचा स्मरणदिन. तिसऱ्यावर 9 ऑगस्ट 1945, नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तो दिवस. या हिरवळीमागील गर्द रानाकडे लक्ष देऊन पाहिले, तर झाडांच्या खोडांमध्ये सैनिकांच्या धूसर आकृती आणि थडग्यांवरचे इवले क्रूस दिसू लागतात.

मालिकेतील चौथे चित्र पूर्ण झाले नाही. 6 जुलै 1946 रोजी वेस्ट चेस्टरमध्ये पक्षाघाताच्या झटक्याने पिपिन यांचे निधन झाले. तेव्हा ते 58 वर्षांचे होते. पुढे काही दिवसांतच जेनीही गेल्या.